गुणगौरवाच्या यादीत पदवीधर का नाहीत?

आमच्या गावच्या जमातीच्या गुणगौरव समितीत मी गेली बारा वर्षे आहे. समितीत मी एकटीच बाई. मॅडमचे अक्षर चांगले आहे म्हणून यादी करायचे काम पहिल्याच वर्षी माझ्याकडे आले आणि ते कायमचे माझेच झाले. दहावीचा निकाल लागला की मशिदीच्या फळ्यावर सूचना लागते. मुले गुणपत्रिकेच्या झेरॉक्स आणून देतात, मी टक्क्यांप्रमाणे नावे लावते. मग जुलैच्या एखाद्या रविवारी जोहरनंतर शादीखान्यात कार्यक्रम होतो. प्रमुख पाहुणे 'इक्रा' या शब्दापासून भाषणाला सुरुवात करतात आणि बऱ्याचदा तिथेच घोटाळत राहतात. मुलांना ट्रॉफी, एक फाइल आणि गुलाबाचे फूल मिळते. फोटो निघतो आणि रात्रीपर्यंत प्रत्येकाच्या स्टेटसला लागतो.

मला या कार्यक्रमाची थट्टा करायची नाही. सोळा वर्षांच्या मुलाला चारचौघांत नावाने हाक मारली जाते, मागच्या रांगेत बसलेल्या बापाची मान ताठ होते, याचे मोल मला ठाऊक आहे. आमच्या गावात भाजीच्या गाड्यावर बसणाऱ्या एका चाचांनी मुलाची ट्रॉफी आठवडाभर तराजूशेजारी ठेवली होती.

२०२५ च्या जुलैमध्ये कार्यक्रम आटोपला, खुर्च्या गोळा करणे चालू होते. एक बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. घरी शिलाईकाम करते, तिची धाकटी मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली.

"मॅडम, आमच्या पोरीचं नाव का नाही घेतलं?"

मला वाटले, दहावीची एखादी झेरॉक्स माझ्याकडून गहाळ झाली. मी घाईघाईने यादी चाळायला लागले. तेव्हा ती म्हणाली, "दहावी नाही हो. बी.कॉम. झाली ती. फर्स्ट क्लास आला. ग्रॅज्युएटचं काही नसतं का?"

चेअरमनसाहेब शेजारीच होते. ते हसून म्हणाले, "भाभी, ग्रॅज्युएट म्हणजे आता मोठी झाली की पोरगी!" तीही हसली आणि गेली. मला मात्र हसू आले नाही. बारा वर्षांत हा प्रश्न मला एकदाही सुचला नव्हता.

त्या रात्री मी जुन्या याद्या बाहेर काढल्या. सगळ्या जपून ठेवल्या आहेत, मास्तरकीची सवय. दहावीनंतर दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालय आणि तीन वर्षे पदवी, असा हिशेब केला तर २०२० ला दहावी झालेली मुले २०२५ ला पदवीधर व्हायला हवीत. ती बॅच वाचकांनाही आठवत असेल. कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला तीच ही मुले. त्या वर्षी कार्यक्रम घेता आला नव्हता. तोंडाला मास्क लावून आम्ही दोघे-तिघे घरोघर ट्रॉफ्या देऊन आलो होतो. मुलाने दारातून हात पुढे करायचा, आम्ही लांबून ट्रॉफी द्यायची. टाळ्या वाजवायलाही कोणी नव्हते.

ती यादी पुढ्यात घेऊन मी चार-पाच दिवस फोन केले, काही घरी जाऊन आले. पहिल्या क्रमांकाचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दुसऱ्या क्रमांकाची मुलगी बी.एस्सी. झाली. इथपर्यंत ठीक. त्यापुढे एकेका नावासमोर जे लिहावे लागले ते असे: अकरावीला नाव घातले होते, पण वर्ग मोबाईलवर, घरात मोबाईल एक आणि भावंडे तीन, त्यामुळे सुटले, आता मामूंच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात. बारावीनंतर लायसन्स काढून कुवेतला, ड्रायव्हर. बारावीनंतर निकाह, कराड. एस.वाय.बी.ए.ला असताना निकाह. सासरचे म्हणाले होते शिकवू, पण बाळ झाले. बेकरीत. ए.सी. दुरुस्तीचा कोर्स करून दुबईला. तिसऱ्या वर्षाचे दोन विषय राहिलेले असताना व्हिसा आला, गेला. फोन लागला नाही.

यात कोणी वाया गेले असे मी म्हणत नाही. त्या ड्रायव्हर मुलाने दोन बहिणींचे निकाह केले आणि घरावर स्लॅब टाकला. हलाल कमाईला कमी लेखणारी मी कोण? पण ज्यांची नावे आपण माइकवरून पुकारणार होतो, ज्यांच्या दारात जाऊन ट्रॉफी दिली, त्यांच्यापैकी पदवीपर्यंत पोचलेले एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले. आणि जे पोचले, त्यांना जमातीकडून कोणी एक फोनही केला नव्हता. मीसुद्धा नाही.

ही गोष्ट फक्त आमच्या गावाची असती तर मी लिहिलेही नसते. सच्चर समितीने २००६ साली जो अहवाल दिला, त्यात वीस वर्षे आणि त्यावरील वयाच्या मुस्लिमांमध्ये पदवीधर किंवा पदविकाधारक चार टक्क्यांहून कमी होते. देशाची सरासरी होती सुमारे सात टक्के. त्यानंतर परिस्थिती सुधारली, कॉलेजात मुली दिसायला लागल्या. मग कोरोना आला. केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०१९-२० ला देशभर सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी होते, २०२०-२१ ला ते सुमारे १९ लाख २१ हजारांवर आले. पुढच्या वर्षी आकडा पुन्हा वर चढला, पण त्या एका वर्षात जी मुले उतरली ती सगळीच परत गाडीत चढली असतील असे नाही. माझ्या यादीतली काही तर नक्कीच नाहीत.

मग पदवीचा आनंद आपल्या घरांत का होत नाही? मी बराच विचार केला. एक कारण अगदी साधे आहे: पदवीला निकालाचा दिवसच नसतो. दहावीचा निकाल ठरलेल्या तारखेला दुपारी एक वाजता लागतो, सगळा मोहल्ला मोबाईलला चिकटून बसतो, पेढेवाल्याकडे रांग लागते. पदवीचे तसे नाही. सहा सेमिस्टर, मधे एखादी एटीकेटी, शेवटचा निकाल कधीतरी रात्री वेबसाइटवर. घरात सगळे झोपलेले. मुलगी अंथरुणात पडल्या पडल्या स्क्रीनवर 'पास' बघते. सकाळी सांगते. अम्मी म्हणते, "माशाअल्लाह," आणि चहा ठेवते. गुणपत्रिका महिन्या-दोन महिन्यांनी मिळते, पदवी प्रमाणपत्र त्याहून उशिरा. आनंद असा तुकड्यातुकड्यांनी आला की तो साजरा करायचा राहूनच जातो.

दुसरे कारण मात्र इतके साधे नाही. दहावी पास मुलाला आपण म्हणतो "शाब्बास", आणि पदवीधराला विचारतो, "आता पुढे काय?" मुलगा असेल तर "नोकरी लागली का?", मुलगी असेल तर "कुठे बघताय का?" विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण ज्या मुलाने आत्ताच तीन वर्षे एस.टी.च्या पासवर काढली आहेत, त्याला असे वाटते की आपण काही पूर्ण केलेच नाही, उलट आता कुठे देणे सुरू झाले. माझ्या ओळखीचा एक मुलगा बी.ए. झाल्यावर चार महिने मशिदीच्या पुढच्या दाराने यायचा नाही. मागच्या दाराने यायचा, सलाम फिरवला की निघून जायचा. पुढच्या दारात बुजुर्ग बसतात ना, ते विचारतात.

माझी स्वतःची गोष्ट सांगते. आमचे मणियाराचे दुकान. अब्बा तरुणपणी कोल्हापूरला दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून राजाराम कॉलेजात शिकत होते. या बोर्डिंगचा इतिहास आपल्या मुलांना सांगण्यासारखा आहे. १९०६ साली शाहू महाराजांनी कोल्हापुरात मुस्लिम मुलांच्या शिक्षणासाठी मोहामेडन एज्युकेशन सोसायटी उभी केली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. खेड्यातल्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी राहायला छप्पर आणि दोन वेळचे जेवण हवे, हे त्या राजाने ओळखले होते. पुढे १९२४ ला कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात महाराजांच्याच नावाने बोर्डिंग काढले. त्यात सगळ्या जातीधर्मांची मुले एकत्र जेवत. त्या मुलांच्या पोटासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने एकेक करून दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्या भागात जे लोक पहिल्यांदा शिकले, त्यांच्या शिक्षणामागे असे कोणाचे तरी छप्पर आणि कोणाचे तरी दागिने आहेत.

अब्बांची पदवी मात्र राहिली. दुसऱ्या वर्षाला असताना दादांचा इंतकाल झाला. घरात अब्बाच मोठे. ते बोर्डिंगमधून ट्रंक घेऊन परत आले आणि बांगड्यांच्या दुकानात बसले, ते शेवटपर्यंत. आम्हाला ते त्याविषयी कधी काही बोलले नाहीत. १९८४ साली मी शिवाजी विद्यापीठाची बी.ए. झाले तेव्हाही "चांगलं झालं" याच्यापुढे ते गेले नाहीत. पदवीदान समारंभाला जायचा प्रश्नच आला नाही, प्रमाणपत्र टपालाने आले. ते अब्बांनी पोस्टमनकडून घेतले आणि थेट फ्रेमवाल्याकडे नेले. मी दुकानात गेले तर काचेच्या बांगड्यांच्या मांडणीवर, एका बाजूला काबाशरीफचा फोटो, दुसऱ्या बाजूला सराफाचे कॅलेंडर आणि मधोमध माझी डिग्री! बांगड्या भरायला येणाऱ्या बायका विचारायच्या, अब्बा मान वर न करता सांगायचे, "आमच्या मुलीची आहे." बस्स, एवढेच. पण दिवसातून किती वेळा सांगायचे!

पुढे बी.एड.च्या वेळी मूळ प्रमाणपत्र दाखवायचे होते. फ्रेम उघडली तर पावसाळ्याच्या ओलीने कागद काचेला चिकटलेला. सोडवताना एक कोपरा फाटला. तो फाटका कोपरा अजून माझ्या फाइलमध्ये आहे. या कागदांविषयी पुढे सांगणारच आहे.

तर, ऑगस्टच्या बैठकीत मी विषय मांडला: पदवीधरांसाठी वेगळा कार्यक्रम करू या. खजिनदार म्हणाले, पुन्हा शादीखाना, पुन्हा ट्रॉफ्या, एवढा फंड नाही. मी म्हटले, ट्रॉफी नकोच. मशिदीशेजारच्या मदरशाच्या खोलीत सतरंज्या टाकू, मगरिबनंतर तासभर बसू, चहा-बिस्किटे माझ्याकडून. मग दुसरा वाद निघाला, पदवीधर म्हणजे कोण? डिप्लोमावाले धरायचे का, आय.टी.आय.वाल्यांचे काय? हा प्रश्न रास्तच होता. यंदा पदवी, पुढच्या वर्षी तेही, असे ठरले. (पुढच्या वर्षी मला हे कोणीतरी आठवण करून द्यावे.) तिसरी गोष्ट मी सुचवली आणि तिला कोणाचा विरोध झाला नाही. प्रत्येक पदवीधराने एका माणसाला बरोबर आणायचे, ज्याच्यामुळे आपण शिकू शकलो असे त्याला वाटते त्याला. आई-वडीलच असले पाहिजेत असे नाही.

२०२० च्या बॅचचे आणि आगेमागे पदवी झालेले मिळून नऊ जण जमले. आणि बरोबर आलेली माणसे पाहून आम्ही सगळे थोडे गप्पच झालो.

बी.एस्सी. झालेल्या मुलीने आजोबांना आणले होते. रोज सकाळी सहाच्या एस.टी.साठी ते तिला स्टँडवर सोडायचे, गाडी सुटेपर्यंत तिथेच थांबायचे, पावसाळ्यातसुद्धा. एका मुलाने त्याच्या कॉलेजच्या ग्रंथालयातल्या शिपाईकाकांना आणले. गांधी टोपीतले, सत्तरीचे, वारकरी गृहस्थ. घरी अभ्यासाला जागा नाही हे कळल्यावर हे काका त्याला ग्रंथालय बंद करायच्या वेळेपर्यंत, सगळे गेल्यानंतरही बसू द्यायचे, आणि स्वतः दाराशी पेपर वाचत थांबायचे. त्यांनी दारात चपला काढल्या, सगळ्यांना हात जोडले आणि मौलानांनी त्यांना आपल्या शेजारी बसवून घेतले. एक मुलगा एकटाच आला. मी विचारले, बरोबर कोणी नाही? म्हणाला, "ज्यांना आणायचं होतं त्यांना मागच्या वर्षीच माती दिली, मॅडम." त्याच्या शेजारची जागा आम्ही रिकामीच ठेवली.

आणि ती बी.कॉम.वाली मुलगी, जिच्यामुळे हे सगळे सुरू झाले, तिने आईला नव्हे, मोठ्या बहिणीला आणले होते. आई मागे बायकांत बसली होती. मोठी बहीण नववीत असताना वडील आजारी पडले. घरात दुसरे शिलाई मशीन आले आणि त्या मशीनवर ती बसली. धाकटीची फी, पास, पुस्तके या मशीनमधून निघाली. धाकटीला बोलायला सांगितले तर ती एवढेच म्हणाली, "आपाचं दप्तर मी दहावीपर्यंत वापरलं." मोठी खाली बघत ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत राहिली.

जालना जिल्ह्यातले अन्सार शेख यांचे नाव आपल्या घरांत आता सगळ्यांना माहीत आहे. वडील रिक्षा चालवायचे, मुलगा पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजातून राज्यशास्त्रात बी.ए. झाला आणि २०१५ च्या यूपीएससी परीक्षेत एकविसाव्या वर्षी पहिल्याच प्रयत्नात यशस्वी झाला. आमच्या कार्यक्रमांत वक्ते त्यांचे उदाहरण देतात तेव्हा वय आणि पद सांगतात. मला त्यांच्या गोष्टीतल्या दुसऱ्या दोन बाबी जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्या भावाने शाळा सोडून गॅरेजमध्ये काम केले आणि त्या कमाईचा हात अन्सार यांच्या शिक्षणाला लागला. आणि पुण्यात राहायला खोली मिळेना म्हणून त्यांना काही काळ दुसरे नाव सांगावे लागले, हे त्यांनी स्वतःच जाहीरपणे सांगितले आहे. यशाच्या गोष्टीतून भाऊ आणि ती खोली वगळली की ऐकणाऱ्या मुलाला वाटते, हे आपल्याला जमणारे नाही, ही कोणीतरी वेगळी माणसे असतात.

त्या संध्याकाळी सगळ्यात उपयोगाचे बोलले ते एका कॉलेजातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांना मी मुद्दाम बोलावले होते. भाषण नाही, सल्ला नाही, फक्त कागद. त्यांनी प्रत्येक मुलाला एकच प्रश्न विचारला: "तुझ्या नावाचं स्पेलिंग सगळीकडे एक आहे का?" नऊपैकी एकालाही खात्रीने हो म्हणता येईना. दहावीच्या गुणपत्रिकेवर मोहम्मद, आधारवर मोहंमद, कॉलेजात नुसते 'मो.', शेख हे आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी, कोणाच्या वडिलांचे नाव एका कागदावर अब्दुल रहमान, दुसऱ्यावर नुसते रहमान. आपल्या नावांचे हे दुखणे जुने आहे. जोवर मूल शिकते तोवर ते कळत नाही, पासपोर्ट किंवा नोकरीच्या वेळी कळते. ते म्हणाले, दहावीचा दाखला आणि पदवी यांवरचे नाव जुळत नसेल तर पदवी प्रमाणपत्र छापण्याआधीच कॉलेजात अर्ज करा, तेव्हा ते सोपे असते. नंतर प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नावाची नोंद आणि हेलपाटे.

मुलींना त्यांनी वेगळे सांगितले. निकाहनंतर नाव बदलायची घाई करू नका. पदवी माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचे आणि बँक खाते तिसऱ्याच, असे झाले की नोकरीचा अर्ज तिथेच अडतो. नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. यावर मौलाना म्हणाले, शरियतमध्येही नाही. बाई निकाहनंतरही बापाच्याच नावाने ओळखली जाते, आपल्याकडची ही रीत इकडची आहे. बायकांच्या बाजूला चांगलीच कुजबुज झाली.

मग त्यांनी बाकीचे सांगितले. पदवी प्रमाणपत्रासाठी वेगळा अर्ज आणि फी भरावी लागते, ते आपोआप घरी येत नाही. अनेक मुलांची प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे उचललीच जात नाहीत. दुसऱ्या विद्यापीठात जायचे असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र वेगळे. डिजिलॉकरचे खाते उघडून ठेवा. मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका, कारण आखातात चांगल्या कामावर जायचे तर त्याच कागदावर शिक्के घ्यावे लागतात: आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि यूएई, कतर, कुवेतसाठी त्या देशाच्या दूतावासाचा. "आणि फ्रेमही करू नका," मी मधेच म्हणाले. "करायचीच तर रंगीत झेरॉक्सची करा." अब्बांची गोष्ट सांगितली. सगळे हसले.

ट्रॉफीऐवजी आम्ही प्रत्येकाला प्लास्टिकच्या कप्प्यांची एक जाड फाइल दिली. दोघांना पुढच्या प्रवेशाची फी हवी होती. व्याजाचे कर्ज त्यांच्या घरांना नको होते. गरजू विद्यार्थ्याला जकात देता येते असे मौलानांनी सांगितल्यावर एकाचे तिथल्या तिथे झाले. दुसऱ्याला जमातीतल्या एका दुकानदाराने कर्ज-ए-हसना दिले, नोकरी लागल्यावर परत करायच्या बोलीवर. त्या दुकानदाराचे नाव जाहीर करू नये अशी त्यांची अट आहे.

दुआच्या आधी मौलाना जरा घुटमळले. म्हणाले, "एक बात और. यादीत माझंही नाव घालाल का?" आम्ही बघतच राहिलो. आमचे मौलाना, मदरशातून आलिम झालेले, पाच वेळची इमामत करून हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठातून दूरशिक्षणाने बी.ए. झाले होते. तिथे ठरावीक मदरशांच्या सनदांवर प्रवेश मिळतो. त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. "कोणी विचारलंच नाही," म्हणाले. दहावा पदवीधर! चेअरमनसाहेबांनी उठून त्यांना मिठी मारली आणि शिपाईकाकांनी सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी मला कुवेतहून फोन आला. दोन विषय ठेवून गेलेला तोच मुलगा. चुलतभावाच्या स्टेटसवर त्याने फोटो पाहिले होते. "मॅडम, माझे ते दोन विषय अजून देता येतील का?" मी म्हटले, तुझा सीट नंबर आणि शेवटच्या गुणपत्रिकेचा फोटो पाठव, मी कॉलेजात विचारते, मुदत संपली असेल तर नाशिकचे मुक्त विद्यापीठ आहे, तिथे काय होते ते पाहू. रात्री अकराला त्याने फोटो पाठवला. गुणपत्रिका त्याने तिकडे बरोबर नेली होती.

आणि चेअरमनसाहेब. "मोठी झाली की आता" असे म्हणणारे तेच. त्या संध्याकाळी सगळे उठल्यावर ते त्या मोठ्या बहिणीजवळ गेले.

"बेटा, तू कितवीपर्यंत शिकलीस?"

"नववी, चाचा."

"मग सतरा नंबरचा फॉर्म का नाही भरत?"

तिने माझ्याकडे पाहिले. खाजगीरीत्या दहावीला बसण्याचा तो फॉर्म मी नोकरीत असताना कितीतरी जणींचा भरून घेतला होता, पण हिला मीही कधी विचारले नव्हते. मुदत अजून संपली नव्हती. सोमवारी ती शाळा सोडल्याचा दाखला घेऊन माझ्या घरी आली. दाखल्यावर तिचे नाव एका तऱ्हेने, आधारवर दुसऱ्या. आम्ही आधी ते दुरुस्त करायला घेतले.